नेट रेडिओमीटर: जमिनीवर येणारं आणि जमिनीवरून जाणारं प्रारण नीट कसं मोजावं

जमिनीच्या एका तुकड्यावर किती ऊर्जा आली, किती परत गेली आणि हाती किती उरली, या हिशेबातली शिल्लक म्हणजे नेट प्रारण (प्रारण म्हणजे रेडिएशन). पिकातून किती पाणी उडून जाईल, बर्फ किती वेगाने वितळेल, डांबरी रस्ता रात्री किती वेळ गरम राहील, अशा सगळ्या गणितांत सुरुवातीलाच हा आकडा लागतो. तो मोजणारं यंत्र दिसायला साधं असतं. आडव्या दांड्याच्या टोकाला एक छोटी पेटी, तिच्या वरच्या बाजूला दोन सेन्सर आणि खालच्या बाजूला दोन. दांडा बसवायचा, तारा जोडायच्या, आकडे यायला लागतात. ते आकडे खरे आहेत की नाहीत, हे मात्र बरंचसं बसवणाऱ्याच्या हातात असतं.

याचं कारण त्या शिल्लक शब्दात आहे. दुपारी वरून सूर्याचे ८०० वॉट आणि आकाशाच्या उष्णतेचे ३६० वॉट येतात, जमिनीकडून १८० आणि ४९० वॉट परत जातात. हे सगळे आकडे प्रति चौरस मीटर आहेत आणि पुढेही तसेच धरावेत. शिल्लक उरते ४९०. रात्री तर ३२० येतात, ३८० जातात आणि उरतात उणे ६०. अशा वेळी एकाच सेन्सरमध्ये १० वॉटची चूक असली, तर मूळ आकड्यात ती ३ टक्के दिसते. शिल्लकेत मात्र ती १७ टक्के होते. मोठ्या आकड्यांची वजाबाकी छोट्या चुका अशा फुगवते. म्हणून या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे: चारही घटक वेगळे मोजा, वेगळे साठवा, वेगळे तपासा आणि वजाबाकी सगळ्यात शेवटी करा.

कोणता सेन्सर काय बघतो

सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन तापमानाचा. त्याचं प्रारण ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असतं आणि जवळजवळ सगळं ३ मायक्रोमीटरच्या आत संपतं. जमीन, झाडं, ढग, हवा हे सगळे २५० ते ३२० केल्विनमधले. त्यांचं प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक आणि बहुतेक ४ मायक्रोमीटरच्या पुढे. दोन्हींमध्ये फारशी सरमिसळ होत नाही, म्हणून ती वेगळी मोजता येतात. पहिल्याला लघुलहरी, दुसऱ्याला दीर्घलहरी म्हणू.

लघुलहरींसाठी काचेच्या घुमटाचा पायरॅनोमीटर असतो. काच सूर्यप्रकाश आत सोडते, पण दीर्घलहरी अडवते. दीर्घलहरींसाठी पायर्जिओमीटर, त्याची खिडकी सिलिकॉनची असते आणि तिच्यावरचा थर सूर्यप्रकाश अडवून ४.५ ते ४० मायक्रोमीटरच्या आसपासचंच प्रारण आत सोडतो. दोन्हींच्या आत थर्मोपाइल असतं. काळा पृष्ठभाग आणि यंत्राचं अंग यांच्या तापमानात जो फरक पडतो, त्याचं ते अगदी लहान व्होल्टेज तयार करतं.

पायर्जिओमीटरची एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच येतात. हा सेन्सर स्वतःही उबदार आहे, म्हणजे तोही प्रारण बाहेर टाकतो. त्याचं व्होल्टेज सांगतं ते बाहेरून येणाऱ्या आणि स्वतःकडून जाणाऱ्या प्रारणातला फरक. निरभ्र आकाशाकडे बघताना तो जितकं घेतो त्यापेक्षा जास्त देतो, म्हणून व्होल्टेज ऋण येतं. हा बिघाड नाही. आकाशाकडून प्रत्यक्षात किती आलं, हे कळायला सेन्सरच्या अंगाचं तापमान मोजावंच लागतं. त्यासाठी आत पीटी-१०० किंवा थर्मिस्टर बसवलेला असतो; तापमान बदललं की या दोन्हींचा विद्युत रोध बदलतो.

यंत्र निवडताना

बाजारात दोन जाती आहेत. एकात वर-खाली काळे किंवा टेफ्लॉन लावलेले पृष्ठभाग असतात आणि दोन्हींतला फरक थेट एकाच व्होल्टेजमध्ये मिळतो. किप अँड झोनेनचं एनआर लाइट २ हे त्यातलं परिचित नाव. स्वस्त, हलकं, वीज लागत नाही, लॉगरवर, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या उपकरणावर, एकच चॅनेल अडतं. पण त्याला घुमट नसल्यामुळे वारा वाढला की संवेदनशीलता घटते आणि वाऱ्याच्या वेगानुसार दुरुस्ती करावी लागते. पावसातले आकडेही भरवशाचे नसतात. आणि मुख्य म्हणजे आकडा चुकला, तर कुठे चुकला हे शोधायला हातात काहीच नसतं.

दुसरी जात चार घटकांची: किप अँड झोनेनचं सीएनआर-४, हुक्सफ्लक्सचं एनआर-०१, अ‍ॅपोजीचं एसएन-५००. पैशांची फारच ओढाताण नसेल तर हीच घ्या. अनेक ठिकाणी फक्त तुलना करायची असेल, उदाहरणार्थ एकाच शेताचे पाच कोपरे, तर पाच साधी यंत्रं आणि त्यांच्यासोबत एक चार घटकांचं, असा मेळही चांगला बसतो.

पायरॅनोमीटरचा दर्जा आयएसओ ९०६० या मानकात ठरवलेला असतो. २०१८च्या आवृत्तीपासून त्याचे वर्ग ए, बी आणि सी आहेत. ए सर्वांत काटेकोर. हे वर्ग दीर्घलहरींच्या सेन्सरला लागू होत नाहीत. त्यामुळे यंत्रावर वर्ग लिहिलेला दिसला तरी पायर्जिओमीटरचं कॅलिब्रेशन (संदर्भ उपकरणाशी ताडून केलेली तपासणी) प्रमाणपत्र वेगळं वाचा.

खांबावर चढवण्याआधी टेबलावर

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. वर चढवल्यावर एक उलटी तार शोधायला दुपार जाते. टेबलावर ती दोन मिनिटांत सापडते.

प्रमाणपत्र समोर ठेवा. चारही सेन्सरची संवेदनशीलता वेगवेगळी असते, साधारण ५ ते २० मायक्रोव्होल्ट प्रति वॉट या टप्प्यात. ती वहीत लिहा, यंत्राच्या अनुक्रमांकासह आणि तारेच्या रंगासह. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून एकेक जोडी तपासा. पायरॅनोमीटरवर दिवा धरला की आकडा धन दिशेला चढला पाहिजे, झाकला की मिनिटभरात शून्याजवळ यायला हवा. वरच्या सेन्सरवर दिवा धरल्यावर वरच्याच तारांवर आकडा हलतो ना, हेही बघा. वर-खालची अदलाबदल हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

पायर्जिओमीटरसाठी तळहात पुरतो. यंत्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि खिडकीसमोर काही सेंटीमीटरवर हात धरा, टेकवू नका. तळहात खोलीपेक्षा गरम असतो, म्हणून आकडा धन दिशेला सरकतो. ऋण दिशेला गेला तर तारा उलट्या आहेत. हीच चाचणी उन्हात तापलेल्या यंत्रावर करू नका, कारण तिथे हातच यंत्रापेक्षा थंड ठरतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. शेवटी तापमानाचा सेन्सर: २५ अंशांना पीटी-१०० चा रोध सुमारे १०९.७ ओहम आणि १० किलोओहमच्या थर्मिस्टरचा १० किलोओहम असायला हवा.

जागा आणि उंची

वरच्या सेन्सरना मोकळं क्षितिज लागतं. झाड किंवा इमारत सेन्सरच्या पातळीच्या जितकी वर जाते, त्याच्या किमान दहापट अंतर तिच्यापासून ठेवावं. म्हणजे ती क्षितिजावर सहा अंशांच्या आतच राहते. अडथळा फक्त सावली टाकतो असं नाही. थंड आकाशाच्या जागी सेन्सरला गरम भिंत दिसते आणि दीर्घलहरींचा आकडा वाढतो.

खालच्या सेन्सरना कोणती जमीन दिसते, हे एका सोप्या सूत्रावरून काढता येतं. सेन्सरची उंची आणि वर्तुळाची त्रिज्या, दोन्हींचे वर्ग करा. त्रिज्येच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. त्या वर्तुळातून किती हिस्सा येतो ते मिळतं. सेन्सर २ मीटरवर असेल तर २ मीटर त्रिज्येतून निम्मा, ६ मीटरमधून ९० टक्के आणि २० मीटरमधून ९९ टक्के. म्हणजे उंचीच्या दहापट त्रिज्येत जमीन एकसारखी हवी. तुमची जागा तेवढी मोठी नसेल तर यंत्र खाली घ्या, पण दीड मीटरच्या खाली नको, कारण मग यंत्राची स्वतःचीच सावली दृष्टिक्षेत्रात जाणवू लागते. दोन ओळींत अंतर असलेलं पीक असेल, तर उलट उंची वाढवा. नाहीतर सेन्सरला एकच ओळ किंवा एकच मोकळा पट्टा दिसत राहील. जंगलात यंत्र झाडांच्या शेंड्यांच्या वर काही मीटर असावं लागतं.

निम्मा हिस्सा अगदी पायाशी असलेल्या वर्तुळातून येतो, हे विसरू नका. खांबाचा काँक्रीट पाया, लॉगरची पांढरी पेटी, लोकांच्या येण्याजाण्याने तुडवलेलं गवत हे सगळं नेमकं तिथेच असतं. दांडा किमान दीड मीटर लांब घ्या, पेटी खांबाच्या मागच्या बाजूला ठेवा आणि यंत्राकडे नेहमी मागूनच जा.

दिशा आणि समतलपणा

दांडा विषुववृत्ताच्या दिशेने असावा: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये मात्र वर्षाचा काही काळ सूर्य दुसऱ्या बाजूने जातो. तिथे खांबाचं टोक सेन्सरच्या पातळीपेक्षा खालीच ठेवणं हा सरळ उपाय, म्हणजे वरच्या सेन्सरवर सावली पडायचा प्रश्नच उरत नाही.

समतलपणाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण एका अंशाचा कल डोळ्याला दिसत नाही. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असताना सूर्याच्या दिशेने एक अंशाचा कल थेट उन्हाच्या मोजमापात सुमारे ३ टक्के वाढ दाखवतो. सूर्य १५ अंशांवर असेल तर साडेसहा टक्के. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणा, स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा बघा, कारण घट्ट करतानाच तो सरकतो. काही दिवसांनी परत बघा. दांडा लांब असेल तर त्याला ताण-तार द्या.

कल पडला आहे का, हे घरबसल्याही कळतं. पूर्ण निरभ्र दिवसाचा आलेख काढा आणि सूर्य खरोखर डोक्यावर येण्याची वेळ मध्य धरा. घड्याळातले बारा नव्हेत. सकाळची आणि दुपारनंतरची बाजू जुळत नसेल तर यंत्र पूर्वेला किंवा पश्चिमेला झुकलं आहे. उतारावर मोजत असाल आणि त्या उताराचाच ऊर्जेचा हिशेब हवा असेल, तर यंत्र उताराला समांतर बसवणं योग्य. कसं बसवलं ते नोंदवून ठेवा.

तारा आणि लॉगर

संवेदनशीलता १० मायक्रोव्होल्ट असेल तर लॉगरमधली ५ मायक्रोव्होल्टची चूक अर्धा वॉट होते. चालण्यासारखी आहे, पण त्याहून जाडाभरडा लॉगर नको. चारही सेन्सर डिफरन्शियल पद्धतीने, म्हणजे दोन तारांमधला फरक मोजला जाईल असे, जोडा. भर उन्हातही सिग्नल साधारण २० मिलिव्होल्टच्या आत राहतो, म्हणून त्याच्याशी जुळणारी लहानात लहान रेंज निवडा. शील्ड, म्हणजे केबलमधलं धातूचं आवरण, फक्त लॉगरच्या बाजूला जमिनीला जोडा. हीटर किंवा पंख्याची वीज वेगळ्या केबलने न्या.

पीटी-१०० चार तारांनीच जोडा. त्याचा रोध एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहम बदलतो. दोन तारांची जोडणी केली आणि केबलचा एक ओहम त्यात मिसळला, तर तापमान अडीच अंशांहून जास्त चुकतं. दीर्घलहरींच्या आकड्यात ही चूक १५ वॉटच्या आसपास जाते.

दर ५ किंवा १० सेकंदांनी नमुना घ्या आणि १० किंवा ३० मिनिटांची सरासरी साठवा. त्याहून वेगाने वाचून फारसं काही मिळत नाही, सेन्सरला स्वतःलाच बदल दाखवायला बरेच सेकंद लागतात. पण लॉगरने काढलेल्या वॉटबरोबरच कच्चे मिलिव्होल्ट आणि अंगाचं तापमानही साठवा. दोन वर्षांनी नवं प्रमाणपत्र आलं की जुनी नोंद पुन्हा मोजता येते ती याच जोरावर.

मिलिव्होल्टपासून वॉटपर्यंत

एक दुपार घेऊ. लघुलहरींचा हिशेब सरळ आहे: मायक्रोव्होल्टला संवेदनशीलतेने भागायचं. वरच्या सेन्सरची संवेदनशीलता १२ आणि सिग्नल ९.६० मिलिव्होल्ट, म्हणजे ९६०० भागिले १२, ८०० वॉट. खालच्याची ११ आणि सिग्नल १.९८ मिलिव्होल्ट, म्हणजे १८० वॉट. १८० भागिले ८०० म्हणजे ०.२२५ हा अल्बेडो, आलेल्या उन्हापैकी परत गेलेला हिस्सा. हिरव्या गवताला शोभेल असाच आहे. ताज्या बर्फाचा तो ०.८ च्या वर जातो आणि ओल्या काळ्या मातीचा ०.१ च्या आसपास येतो.

दीर्घलहरींमध्ये आणखी एक पद मिळवावं लागतं. सेन्सरचं तापमान केल्विनमध्ये घ्या, १०० ने भागा, त्याचा चौथा घात काढा आणि ५.६७ ने गुणा. स्टीफन-बोल्ट्झमन नियमाचंच हे हाताळायला सोपं रूप आहे. सेन्सरचं अंग २५ अंशांवर, म्हणजे २९८.१५ केल्विन, त्यावरून ४४८ वॉट मिळतात. वरच्या सेन्सरची संवेदनशीलता १० आणि सिग्नल उणे ०.९० मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ९०. आकाशाकडून आले ४४८ वजा ९०, म्हणजे ३५८ वॉट. खालच्याची संवेदनशीलता १०.५ आणि सिग्नल अधिक ०.४२ मिलिव्होल्ट, म्हणजे अधिक ४०. जमिनीकडून आले ४८८ वॉट.

शेवटी बेरीज-वजाबाकी: लघुलहरींची शिल्लक ६२०, दीर्घलहरींची उणे १३०, नेट ४९० वॉट.

या सूत्रात झालेली गडबड आकडा बघूनच ओळखता येते. आकाशाकडून येणारं प्रारण उणे ९० दिसत असेल, तर तापमानाचं पद मिळवायचं राहिलं आहे किंवा अंश सेल्सिअसच घातले आहेत. निरभ्र आकाशाला ते ५३८ दिसत असेल तर तारा उलट्या आहेत, कारण ४४८ मधून ९० वजा होण्याऐवजी मिळवले गेले. बहुतेक वेळा कारण या दोन्हींपैकीच एक निघतं.

आणखी एक बारकावा. वरच्या आणि खालच्या पायर्जिओमीटरसाठी एकच तापमानाचा सेन्सर असेल, तर वजाबाकीत ते पद उडून जातं. म्हणजे तापमान एका अंशाने चुकलं तरी नेट आकडा बिघडत नाही. पण वेगवेगळे आकडे मात्र प्रत्येकी सुमारे ६ वॉटने चुकतात आणि त्यावरून काढलेलं जमिनीचं तापमानही जवळजवळ एका अंशाने हुकतं. नेट बरोबर दिसतंय म्हणून सगळं बरोबर आहे, असं धरून चालू नका.

जमिनीचं तापमान काढायचं असेल तर उत्सर्जकता लागते, म्हणजे आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत ती किती प्रारण टाकते तो हिस्सा. दाट गवताला ०.९७ धरली तरी चालते. जमिनीकडून आलेल्या ४८८ मध्ये आकाशाच्या ३५८ पैकी ३ टक्के, म्हणजे सुमारे ११ वॉट, नुसते परावर्तित झालेले आहेत. ते वजा करून उरलेल्याला ०.९७ ने भागा आणि सूत्र उलटं चालवा. उत्तर येतं ३२ अंश.

दव

रात्रीच्या आकड्यांचा मुख्य शत्रू दव आहे. निरभ्र रात्री वरची खिडकी आकाशाकडे उष्णता टाकत टाकत हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर पाणी जमतं. पाण्याचा पातळसा थरही दीर्घलहरींना जवळजवळ पूर्ण अडवतो. सेन्सरला मग आकाश दिसत नाही, स्वतःच्या तापमानाच्या आसपासचं पाणी दिसतं. सिग्नल शून्याकडे सरकतो आणि आकाशाकडून येणारं प्रारण अचानक ६०–८० वॉटने वाढल्यासारखं वाटतं. नोंद वाचणाऱ्याला वाटतं, ढग आले.

दोन्हींत फरक असा करा. खरे ढग आले तर जमिनीचं थंड होणं थांबतं. खालच्या पायर्जिओमीटरचा आकडा घसरायचा थांबतो किंवा थोडा वर येतो, हवेचं तापमानही साथ देतं. दव असेल तर जमीन निवांतपणे थंड होत राहते, फक्त वरचा आकडा चढलेला असतो. आणि सूर्य उगवल्यावर खिडकी वाळली की तो एकदम खाली येतो. ही सकाळची घसरण दिसली की आदल्या रात्रीच्या कोणत्या तासांवर खूण करायची, ते ठरवता येतं. पावसात आणि गोठलेल्या दवातही हेच होतं.

उपाय म्हणजे हीटर, किंवा त्याहून चांगला, पंखा आणि हीटर दोन्ही. हवा खेळती राहिली की दव कमी धरतं, उन्हाने खिडकी तापून येणारी चूकही घटते. वीज कमी असेल तर निदान सूर्यास्तापासून सूर्योदयानंतर तासभर हीटर चालू ठेवा. हीटर कधी चालू होता हे नोंदीत असू द्या. पंख्याशिवाय नुसता हीटर पायरॅनोमीटरच्या शून्याला थोडा धक्का देतो.

सफाई

आठवड्यातून एकदा पुरते; धुळीच्या, समुद्राकाठच्या किंवा पक्ष्यांच्या जागी त्याहून जास्त. आधी डिस्टिल्ड पाणी सोडून धूळ वाहू द्या, मगच मऊ कापड लावा. कोरडी धूळ पुसली तर घुमटावर चरे पडतात आणि ते कायमचे. खालचे सेन्सर विसरू नका: कोळ्याचं जाळं आणि कुंभारणीचं मातीचं घरटं तिथेच सापडतं. यंत्रात ओलावा शोषणारं सिलिका जेल असेल तर त्याचा रंग बघा. सफाईची वेळ लिहा, आधीचा आणि नंतरचा आकडाही लिहा. काही महिन्यांत तुमच्या जागी धूळ किती टक्के खाते, हे त्यातून कळतं.

आकड्यांची झडती

रात्री पायरॅनोमीटर शून्य दाखवेल अशी अपेक्षा असते, पण निरभ्र रात्री तो उणे १ ते उणे ५ दाखवतो. काचेचा घुमट आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतो, त्याचा हा परिणाम. तो तसाच साठवा आणि शून्य नंतरच्या प्रक्रियेत करा. कच्च्या नोंदीत हा आकडा यंत्र ठीक असल्याचीच खूण आहे. तो कधीच ऋण जात नसेल किंवा उणे १५ वर गेला असेल, तर जोडणी तपासा.

दिवसा परावर्तित प्रकाश आलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असू शकत नाही. सूर्य अगदी खाली असताना तसं दिसतं, कारण खालच्या सेन्सरच्या कडेला थेट ऊन लागतं. म्हणून अल्बेडो सूर्य बराच वर असतानाच्या नोंदींवरूनच काढा. आलेलं ऊन मात्र काही क्षण अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं तर लगेच खोडू नका, विरळ ढगांच्या कडा प्रकाश परावर्तित करून खरोखरच तसं करतात.

दीर्घलहरींसाठी हवेचं तापमान हा उत्तम साक्षीदार. त्या तापमानावरून आधीच्याच चौथ्या घाताच्या सूत्राने एक आकडा काढा. आकाशाकडून येणारं प्रारण त्याच्या ४० टक्क्यांच्या वर आणि त्या आकड्यापेक्षा फार तर २५ वॉट जास्त, या पट्ट्यात असायला हवं. दाट, खालच्या ढगांत ते त्या आकड्याच्या अगदी जवळ येतं. अशा ढगाळ, वारा असलेल्या रात्री आकाश, हवा आणि जमीन जवळपास एकाच तापमानाला असतात. दोन्ही पायर्जिओमीटरचे सिग्नल तेव्हा शून्याजवळ असायला हवेत. फुकटात मिळणारी ही चाचणी चुकवू नका.

उलटं करून बघणं आणि कॅलिब्रेशन

वरचा आणि खालचा सेन्सर एकमेकांशी जुळतात का, हे प्रयोगशाळेत न जाता तपासता येतं. निरभ्र दिवशी, दुपारच्या आसपास ऊन स्थिर असताना काही मिनिटं नेहमीसारखं वाचा. मग दांडा १८० अंश फिरवून यंत्र उलटं करा, समतल करा, स्थिर होऊ द्या आणि पुन्हा वाचा. आधी वरच्याने दाखवलेलं ऊन आता खालच्याने दाखवायला हवं. हेच निरभ्र रात्री पायर्जिओमीटरसाठी करा. एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी सफाई आणि तारा बघा. तरीही राहिला तर कॅलिब्रेशनची वेळ झाली. लघुलहरींच्या बाबतीत खालच्याच्या मूळ रचनेत फरक नाही ना, हे मात्र आधी पुस्तिकेत बघून घ्या, काही यंत्रांत खालच्या सेन्सरचं दृष्टिक्षेत्र थोडं अरुंद ठेवलेलं असतं.

दर दोन वर्षांनी कॅलिब्रेशन करून घ्यावं. जगभरातली सूर्यप्रारणाची मोजमापं शेवटी स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथल्या जागतिक प्रारण केंद्राच्या संदर्भ उपकरणांशी जोडलेली असतात आणि अवरक्त, म्हणजे दीर्घलहरी, प्रारणासाठीचा संदर्भ संचही तिथेच आहे. प्रमाणपत्रावर ही साखळी लिहिलेली आहे का, ते बघा. नवी संवेदनशीलता आली की तारीख टाकून लॉगरमध्ये भरा, जुनी पुसू नका.

आकडा कामाला लावताना

२४ तासांची नेट सरासरी १४० वॉट आली असं धरू. ०.०८६४ ने गुणलं की दिवसाचे १२.१ मेगाज्यूल मिळतात. एक मिलिमीटर पाणी उडायला प्रति चौरस मीटर सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ही सगळी ऊर्जा बाष्पीभवनात गेली तर ४.९ मिलिमीटर. याच हिशेबात सरासरीतली १० वॉटची चूक दिवसाला ०.३५ मिलिमीटर होते. शंभर दिवसांच्या पिकाला ३५ मिलिमीटर, हेक्टरी साडेतीन लाख लिटर पाणी.

प्रत्यक्षात सगळी ऊर्जा बाष्पीभवनात जात नाही. काही हवा तापवते, काही जमिनीत उतरते. जमिनीत उतरणारी ऊर्जा मोजायला काही सेंटीमीटर खोलीवर उष्माप्रवाह मोजणाऱ्या चकत्या पुराव्या लागतात. त्या नेट रेडिओमीटरच्या दृष्टिक्षेत्रातच पुरा, म्हणजे दोघेही एकाच जमिनीबद्दल बोलतील. हवा तापवणारी आणि बाष्पाबरोबर जाणारी ऊर्जा एडी कोव्हेरिअन्सने (हवेतल्या भोवऱ्यांवरून ऊर्जा मोजण्याची पद्धत) मोजली, तर त्यांची बेरीज उपलब्ध ऊर्जेपेक्षा, म्हणजे नेट प्रारणातून जमिनीत उतरलेली वजा करून उरणाऱ्या ऊर्जेपेक्षा, बहुतेक ठिकाणी १० ते ३० टक्के कमी भरते. ही तूट कुठे आहे हे शोधताना पहिला संशय नेट रेडिओमीटरवर घेतला जातो. त्या वेळी चारही घटकांची वेगळी नोंद, सफाईची वही आणि जुनं-नवं अशी दोन्ही प्रमाणपत्रं टेबलावर ठेवता आली, तर शोध लगेच दुसऱ्या उपकरणांकडे वळवता येतो.